स्वस्तात मांडलेले घर, वीस वर्षांनंतर

2005 च्या मे महिन्यात आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेलो, तेव्हा सामान म्हणून दोन ट्रंका, एक शेगडी, सासूबाईंनी दिलेली पितळी भांडी आणि दोरीने बांधलेली एक गादी एवढेच होते. घराचा हप्ता गेल्यावर फर्निचरसाठी महिन्याकाठी हजार-दीड हजार रुपये कसेबसे बाजूला पडत, त्यामुळे एका दमात घर भरण्याचा प्रश्नच नव्हता. एकेक वस्तू जमेल तशी येत गेली. कधी नवी, कधी जुन्या बाजारातून, कधी सुतार बसवून करून घेतलेली. वस्तू घरी आल्यावर आठवड्याभरात लिहिलेली परीक्षणे वाचायला पुष्कळ मिळतात, परंतु दहा-पंधरा पावसाळे आणि एक घरबदल सोसल्यावर त्याच वस्तूची अवस्था काय आहे, हे क्वचितच कोणी लिहिते. आमच्या घरात त्या वेळच्या बहुतेक वस्तू आजही वापरात आहेत आणि काही वाटेत गळाल्या. दोन्हींविषयी लिहिते आहे, कारण नव्याने संसार मांडणाऱ्यांना दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीवरून जे कळत नाही, ते या दुसऱ्या हिशेबातून कळते. वस्तू घेताना मी आता एकच गोष्ट आधी पाहते: ही उघडता येते का, आणि उघडल्यावर ती दुरुस्त करणारा माणूस आपल्या गावात आहे का.

पहिली खरेदी लोखंडी कपाटाची. मराठी घरांत लोखंडी कपाट कोणीही बनवलेले असो, त्याला गोदरेजचे कपाट म्हणण्याची रीत आहे, आणि ती उगाच पडलेली नाही. त्या कंपनीने पोलादी कपाटे बनवायला 1923 मध्ये सुरुवात केली. आमच्याजवळ त्या कपाटाएवढे पैसे नव्हते, म्हणून जवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून साडेसहा फुटी कपाट 4,800 रुपयांत करून घेतले. त्या कारखानदाराने पत्रा कोणता हवा असे विचारले, तेव्हा मला गेजचा हिशेब माहीत नव्हता. आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, म्हणजे 20 गेजचा पत्रा साधारण 0.9 मिलिमीटर आणि 22 गेजचा साधारण 0.7 मिलिमीटर असतो, हे त्यांनीच दोन तुकडे हातात देऊन दाखवले. सहाशे रुपये जास्त देऊन आम्ही 20 गेजचा पत्रा घेतला, आणि आज मागे वळून पाहता ते सहाशे रुपये अत्यंत सार्थकी लागले असे वाटते. दार आजही धक्का दिल्यावर थरथरत नाही. वीस वर्षांत एकदा कुलूप बदलले आणि एकदा रंग दिला. उणीव एकच, ती म्हणजे फरशी पुसताना रोजचे पाणी लागून पायांना धरणारा गंज. पहिल्याच वर्षी पायांखाली लाकडी ठोकळे सरकवले असते, तर रंगाचा खर्च बराच लांबला असता.

प्लॅस्टिकच्या खुर्च्यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. नीलकमल हे नाव जवळजवळ त्या खुर्चीचेच नाव होऊन बसले आहे. आम्ही चार घेतल्या, त्यांतल्या दोन अजून आहेत. गच्चीत उन्हात राहिलेल्या दोन पाचव्या वर्षी तडकल्या. घरात ठेवलेल्यांना काही झाले नाही. पाहुणे आल्यावर एकात एक रचलेल्या खुर्च्या सोडवून मांडता येतात, ही सोय लहान घरात मोठी असते.

लाकडाकडे आम्ही वळलो ते जुन्या बाजारामुळे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तेथे तुटक्या नळांपासून जुन्या कॅमेऱ्यांपर्यंत सारे काही पथारीवर मांडलेले असते, आणि अधूनमधून एखादी खुर्ची किंवा टेबल हाती लागते. 2008 मध्ये मला तेथे सागवानी चौकटीच्या दोन खुर्च्या मिळाल्या. बैठकीचे वेत पूर्ण फाटलेले, एका हातावर शाईचे डाग, पाठीच्या पट्टीवर पांढऱ्या रंगात लिहिलेला कुठल्याशा कचेरीचा क्रमांक. विकणाऱ्याने दोन्हींचे एक हजार सांगितले. मी वेताकडे बोट दाखवून भाव करू लागले, तेव्हा तो म्हणाला, "ताई, आधी उचलून बघा, मग भाव विचारा." खुर्ची एका हाताने उचलवली नाही. सातशे रुपयांत सौदा झाला.

जुने लाकूड पारखण्याचे जे काही मला येते, त्याचा पहिला धडा तो. नंतरचे धडे सुताराने दिले. खण पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ पाहावा, वस्तूची पाठ भिंतीपासून सरकवून पाहावी. दर्शनी बाजूला सागवान आणि पाठीला हलका प्लाय, असा प्रकार सर्रास असतो. पायांच्या खालच्या टोकाला पॉलिश नसते, तेथे लाकडाचा खरा रंग दिसतो. सागाच्या गाभ्याचे लाकूड सोनेरी-तपकिरी असते आणि त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही; परंतु बाहेरच्या पांढरट भागाला हे संरक्षण नसते, त्यामुळे सागवान असूनही त्या पट्ट्याला भुंगा लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर वस्तूखाली कागद पसरून ती ठोकावी. कागदावर ताजी, फिकट रंगाची भुकटी पडली तर कीड जिवंत आहे असे समजावे. भोके जुनी असतील आणि भुकटी पडत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आमच्या एका खुर्चीच्या मागच्या पायाला अशी अकरा भोके होती. ती कोरडी निघाली, आम्ही मेण भरून बुजवली, आणि सतरा वर्षांत बारावे भोक पडलेले नाही.

त्या खुर्च्यांचे वेत ज्यांनी पुन्हा विणून दिले, ते गृहस्थ अंध होते. अंधांना खुर्च्यांच्या वेतकामाचे शिक्षण देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, आणि रेल्वेसारख्या खात्यांत या कामासाठी जागाही असत. त्यांना काम करताना मी अर्धा दिवस शेजारी बसून पाहिले. वेताच्या पट्ट्या आधी पाण्यात भिजवलेल्या होत्या. चौकटीच्या कडेने असलेली भोके बोटाने मोजत त्यांनी मधले भोक शोधले, तेथून पहिली पट्टी ओढली, आधी उभ्या, मग आडव्या, पुन्हा उभ्या, पुन्हा आडव्या आणि शेवटी दोन्ही बाजूंनी तिरप्या अशा पट्ट्या घालत नेल्या. तिरपी पट्टी जाऊ लागली तशी जाळीत आठ कोनांची भोके उमटत गेली. कुठे एखादी पट्टी खालून जायची ती वरून गेली, तर तळहात फिरवताच ती त्यांना कळे. काम संपले तेव्हा बैठक थोडी सैल वाटली. मी तसे बोलून दाखवले, त्यावर ते म्हणाले, "वाळू द्या, उद्या सकाळी वाजवून बघा." दुसऱ्या दिवशी बोटाने टिचकी मारली तेव्हा बैठक डफासारखी घट्ट झालेली होती. दोन खुर्च्यांचे त्यांनी नऊशे रुपये घेतले, म्हणजे खुर्च्यांच्या किमतीपेक्षा जास्त. आणि तरीही आठशे रुपयांना एक या दराने, हात टेकायला जागा असलेली सागवानी खुर्ची त्या वर्षी कोणत्याही दुकानात नवी मिळाली नसती.

आमच्या घरातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे जेवणाचे टेबल. ते 2011 मध्ये झाले. त्या काळात पुण्याच्या पेठांमधले वाडे एकामागून एक उतरवले जात होते, आणि त्यांच्या तुळया, खांब, दारांच्या चौकटी टिंबर मार्केटच्या आसपासच्या वखारींत येऊन पडत. वाडा उतरताना पाहून मनाला बरे वाटत नाही, हे खरे; पण ते लाकूड जळणात जाण्यापेक्षा कोणाच्या घरात उभे राहावे, असे मला मनापासून वाटते. भवानी पेठेतल्या एका वखारीत आमच्या सुतारकाकांनी एक तुळई निवडली. वरून ती धुराने काळी पडलेली होती, एका कडेला चुन्याचा थर होता. त्यांनी पटाशीने एका कोपऱ्याचा ढलपा काढला, तो माझ्या नाकाशी धरला आणि "वास बघा" एवढेच म्हणाले. शंभर वर्षांच्या धुराखाली सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास जसाच्या तसा होता.

हिशेब येथे तपशिलाने देते, कारण बाहेर तयार टेबलाची किंमत ऐकून घाबरणाऱ्यांना तो उपयोगी पडेल. सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि एक इंच जाड अशा वरच्या फळीला दीड घनफूट लाकूड लागते. चार पाय आणि खालच्या पट्ट्या मिळून साधारण एक घनफूट. कापताना, रंधताना आणि तडे गेलेला भाग टाकताना जे वाया जाते, ते धरून आम्ही साडेतीन घनफूट घेतले. 1,600 रुपये दराने 5,600 रुपये झाले. करवतीवर कापण्याचे चारशे रुपये पडले. जुन्या लाकडात खिळे लपलेले असतात आणि त्यावर पाते तुटू शकते, म्हणून गिरणीवाला आधी सगळे खिळे उपसून आणायला सांगतो. आमच्या तुळईतून तेवीस खिळे निघाले, त्यांतले काही लोहाराने हाताने ठोकलेले, चौकोनी होते. सुतारकाकांची चार दिवसांची मजुरी दोन हजार आणि पॉलिशचे बाराशे, असे सारे मिळून 9,200 रुपये. खिळ्यांची भोके त्यांनी त्याच लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली. त्या टेबलावरच्या गडद ठिपक्यांची रांग पाहून पाहुणे हमखास विचारतात, आणि मला ते सांगायला आवडते.

पॉलिशच्या बाबतीत मात्र मी तेव्हा चूक केली असे आता वाटते. स्पिरिटमध्ये लाख विरघळवून केलेले साधे फ्रेंच पॉलिश दिसायला फार सुंदर असते, लाकडाचा रेषा न् रेषा त्यातून उजळतो. पण गरम पातेले किंवा सांडलेले पाणी त्याला सोसत नाही, पांढरे डाग पडतात. जेवणाच्या टेबलाला मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश केले असते, तर तो त्रास झाला नसता. दुसऱ्या बाजूने, फ्रेंच पॉलिश घरच्या घरी काढता-चढवता येते, हीदेखील लहान गोष्ट नव्हे. 2019 मध्ये पॉलिशवाल्याने तीन नंबरांचे पॉलिश पेपर मारून, दोन दिवसांत ते टेबल पुन्हा पहिल्यासारखे करून दिले. खर्च 1,500 रुपये.

याच्या उलट अनुभव एका तयार कपाटाचा. 2014 मध्ये मुलीच्या कपड्यांसाठी आम्ही एका ऑनलाइन दुकानातून 11,500 रुपयांचे दोन दारी कपाट मागवले. चित्रात ते अक्रोडाच्या रंगाचे, देखणे होते, आणि घरी आल्यावरही पहिले वर्षभर देखणेच राहिले. ते पार्टिकल बोर्डाचे होते, म्हणजे लाकडाचा भुसा आणि चिपा चिकटद्रव्यात दाबून केलेल्या तक्त्यांचे. अशा तक्त्याच्या कडा पट्टीने नीट बंद असतील तोवर तो सुखरूप असतो. आमच्या कपाटाच्या तळाची पट्टी दुसऱ्या पावसाळ्यात सुटली, ओलावा आत शिरला आणि तळाचा तक्ता भिजलेल्या पावासारखा फुगला. पाठोपाठ एका दाराची वरची बिजागरी स्क्रूसकट निघून आली. सुतारकाकांना बोलावले, त्यांनी त्या भोकात बोट घातले आणि मऊ भुसा बोटावर घेऊन दाखवला. "ताई, यात स्क्रू धरायला लाकूडच नाही. मी काय दुरुस्त करू?" काडीपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून त्यांनी ते दार कसेबसे बसवून दिले, ते सहा महिने टिकले. विक्रेत्याकडे तक्रार केली, तेव्हा ओलाव्याने झालेले नुकसान हमीत बसत नाही असे उत्तर आले. घरे समुद्रकाठी असोत की सह्याद्रीच्या पायथ्याशी, ज्या प्रदेशात चार महिने हवेतच पाणी असते, तेथे विकल्या जाणाऱ्या कपाटाच्या हमीत ओलावा बसत नसेल, तर ती हमी कोणासाठी आहे, हे मला आजही कळलेले नाही. 2018 मध्ये आम्ही वारज्याला राहायला आलो, तेव्हा टेम्पोत चढवतानाच ते कपाट खिळखिळे झाले. भंगारवाल्याने ते फुकटही नेण्यास कुरकुर केली.

तयार सामान सरसकट वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. नवी मुंबईत तुर्भे येथे आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीचे दालन डिसेंबर 2020 मध्ये उघडले, आणि पुढे एकदा मुंबईला गेलो असता आम्ही तेथून पुस्तकांसाठी बिली नावाचे उभे कपाट घेतले. हा नमुना 1979 पासून विकला जातो. मूळ साहित्य पार्टिकल बोर्डच आहे, हे ठाऊक असूनच घेतले, आणि म्हणून ते बाहेरच्या भिंतीला, खिडकीजवळ किंवा न्हाणीघराच्या भिंतीला न लावता मधल्या कोरड्या भिंतीला लावले. सोबतची पट्टी भिंतीत ड्रिल करून बसवणे अनेक जण टाळतात, ते टाळू नये. लहान मूल कप्प्यावर चढले तर उभे कपाट अंगावर येऊ शकते. जोडणीच्या कागदावर शब्द जवळपास नाहीत, केवळ चित्रे आहेत, आणि माझ्या मुलीने ते एकटीने दीड तासात उभे केले. आजवर त्याची कुरबुर नाही. त्यावर पाणी सांडले तर काय होईल, हे मागच्या कपाटाने शिकवलेले असल्याने त्यावर आम्ही फुलदाणी ठेवत नाही.

स्वयंपाकघराविषयी थोडक्यात. ओट्याखाली सगळीकडे प्लायची कपाटे करण्याचा आग्रह हल्ली फार होतो. आम्ही 2009 मध्ये ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे ठेवले, त्यांत स्टीलच्या ट्रॉल्या बसवल्या आणि प्लाय केवळ दारांपुरता वापरला. सिंकखाली लाकूड नाहीच. प्लाय घेताना तक्त्यावरचा छाप पाहावा: आयएस (भारतीय मानक) 303 हा सर्वसाधारण वापराचा आणि आयएस 710 हा मरीन प्लाय, ज्याच्या चिकटपणाची परीक्षा 72 तास उकळत्या पाण्यात घेतली जाते. सगळे घर मरीन प्लायचे करण्याची गरज नसते. ओट्याची आणि न्हाणीघराची दारे तेवढी त्याची करावीत आणि उरलेले पैसे चांगल्या बिजागऱ्यांवर घालावेत. वारज्याला येईपर्यंतच्या नऊ वर्षांत त्या दारांपैकी एकही फुगले नाही, सनमायकाच्या दोन कडा मात्र पुन्हा चिकटवाव्या लागल्या.

सुरुवातीला ज्या गादीचा उल्लेख केला, तीही अजून आहे, किंवा निदान तिचा कापूस आहे. चौदा किलोची कापसाची गादी, माझ्या आईने लग्नात दिलेली. दर तीन वर्षांनी, पावसाळा संपून ऊन कडक झाले की मी ती गादीवाल्याकडे पाठवते. तो खोळ उसवतो, गोळे झालेला कापूस यंत्रात पिंजून घेतो, दोन-एक किलो नवा कापूस मिसळतो, नवी खोळ शिवतो आणि लांब सुईने टाके घालतो. पूर्वी धनुकली घेऊन दारोदार फिरणारे पिंजारी आता शहरात दिसत नाहीत, पण यंत्रावर का होईना ते काम होते आहे. मागच्या वेळी 1,900 रुपये लागले. परत आलेली गादी अंथरल्यावर पहिल्या रात्री जी ऊब आणि जो वास असतो, तो फोमच्या गादीत मला कधी मिळालेला नाही. दर महिन्याला तिला गच्चीत उन्हात टाकावे लागते आणि ती जड आहे, ही अडचण मान्य करायला हवी. ज्यांच्या इमारतीची गच्ची बंद असते किंवा ज्यांना वजन उचलवत नाही, त्यांनी काथ्याची गादी घ्यावी.

येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या विक्री केंद्राचाही उल्लेख करावासा वाटतो, कारण पुण्यात राहूनही अनेकांना तेथे बाहेरच्यांना खरेदी करता येते हे माहीत नसते. बंद्यांनी केलेल्या लाकडी वस्तू, सतरंज्या, टॉवेल तेथे मिळतात. आम्ही एक चौरंग आणि एक सतरंजी घेतली. चौरंगाला नक्षी नाही, पण पायांचे सांधे इतके घट्ट आहेत की बारा वर्षे गणपती त्यावरच बसतो आणि विसर्जनाच्या दिवशी तो धुऊन उन्हात ठेवला तरी कुठे हललेला नाही.

सध्या मुलीच्या अभ्यासाच्या टेबलाची तयारी सुरू आहे. ती यंदा बारावीत आहे आणि तिला चार फूट बाय दोन फुटांचे, एका खणाचे टेबल हवे आहे. सुतारकाका आता काम करत नाहीत, त्यांचा मुलगा करतो. वखारीतून फळ्या जुलैमध्ये आणल्या आणि मला वाटले की पंधरा दिवसांत टेबल उभे राहील. त्याने हात लावायला नकार दिला. हवा दमट आहे, आता सांधे जुळवले तर कोरड्या दिवसांत लाकूड आकसून फट पडेल, असे त्याचे म्हणणे. वडिलांनीही हेच सांगितले असते. सध्या त्या पाच फळ्या आमच्या गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रचून ठेवल्या आहेत. मुलगी तोवर जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला अभ्यास करते. रंधा दिवाळीनंतर लागेल.